बाबांचा डावा खांदा

माझी आत्या दवाखान्यात एक्स-रे काढते. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटला पाय कसा ठेवायचा ते काही केल्या समजेना, म्हणून तिने कागदावर गुडघा काढून दाखवला. त्यांनी तो नीट निरखला आणि विचारलं, "कांदा कशाला?" हे आत्याच्या फार जिव्हारी लागलं. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि एक गुडघा काढता येऊ नये? त्याच संध्याकाळी ती जाड कागद आणि पेन्सिली घेऊन घरी आली.

कामावरून आलं की रोज एक चित्र काढायचं, असं तिने ठरवलं. समोर बसायला माणूस हवा होता. आईला वेळ नव्हता, मला धीर नव्हता. राहिले बाबा. ते एकदा पेपर घेऊन खुर्चीत बसले की भूकंप झाला तरी हलत नाहीत.

पहिलं चित्र बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. "कुकर छान आलाय."

"दादा, तो तू आहेस."

"मग शिट्टी कुठेय?"

आत्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. तिसऱ्याही. कुकरला नाक आलं, मग कान. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण दादाकडे बघतच नाही, डोक्यात बसलेला कुठलातरी कान काढतो. मग ती बघायची जास्त आणि रेघा ओढायची कमी. कधीकधी संध्याकाळभर एकच कान. हळूहळू पेपर धरलेली बोटं बोटांसारखी दिसू लागली. आईही ओले हात पुसत येऊन डोकावू लागली.

फक्त दर चित्रात बाबांचा डावा खांदा खाली घसरलेला असायचा.

"बाकी जमलंय तुला, खांद्याचं तेवढं बघ," बाबा मोठ्या मनाने सांगत. आत्या खोडायची, पुन्हा काढायची, खांदा पुन्हा खाली. शेवटी तिने पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि शांतपणे म्हणाली, "दादा, चित्र बरोबर आहे. तूच वाकडा आहेस."

बाबा आईकडे वळले. "तू तरी सांग हिला."

"मला लग्नातच दिसलं होतं," आई म्हणाली. "म्हटलं, आता बोलून काय उपयोग."

बाबा उठून आरशासमोर गेले. एक खांदा उचलून पाहिला, मग दुसरा दाबून पाहिला. परत येऊन पडेल आवाजात म्हणाले, "जरा सरळ काढता येणार नाही का?"

"तू सरळ बस, मी सरळ काढते."

बाबा ताठ बसले. पोट आत, मान वर, श्वासही बेताने. आत्याला मात्र कसलीच घाई नव्हती. खांदा थरथरू लागला तरी ती आपली कानातच गुंतलेली. अखेर बाबांनी हुश्श केलं आणि खांदा आपल्या जागी जाऊन बसला. "हां, आता असाच राहा," म्हणत तिने भराभर रेघा ओढल्या.

त्या कागदावर अगदी आमचे बाबा होते, दमलेले आणि थोडे रुसलेले. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. मग आत नेला आणि कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली, चुरगळणार नाही असा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन आले तर खुर्चीत आई बसली होती, केस नीट विंचरून.

"हनुवटी एकच काढायची," ती आत्याला म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."