खुणेपर्यंत पाणी

सिस्टर बोलायला लागली की समोरच्याने नुसती मान हलवायची, हा त्या दवाखान्याचा शिरस्ताच होता. वीस वर्षं औषधं समजावून सांगून तिची जीभ सराईत झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला जरा तोराही होता.

सिस्टरने औषध समजावून दिल्याच्या पाचव्या दिवशी एक सासू-सून आपल्या कानदुखीच्या पोरीला घेऊन परत आल्या. ताप तसाच, कान वाहतोय. डॉक्टरांनी तपासून तेच औषध नव्याने सुरू करायला सांगितलं. तेवढ्यात सासूबाईंनी जुनी बाटली टेबलावर आपटली.

"तुम्हीच बघा, भरलेलीच्या भरलेली. मला म्हणते, रोज देतेय. एक चमचा तरी गेलाय का लेकराच्या पोटात?"

"दिलंय मी, तीन-तीन वेळा," पोरीला छातीशी धरून सून म्हणाली. हे तिने घरी किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. आवाजात जीवच उरला नव्हता.

सिस्टरचंही डोकं फिरलं. खोटं बोलावं, पण किती! चांगलं सुनावणार होती, पण आधी तिने बाटली हलवून बघितली. आत नुसतं पांचट पाणी, गुलाबी रंग पार उडालेला.

"कसं देतेस, करून दाखव बरं."

सुनेने मापाने औषध काढलं. मग पिशवीतलं उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि बाटली पुन्हा खुणेपर्यंत भरली.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. पाणी खुणेपर्यंत पाहिजे, कमी पडू द्यायचं नाही म्हणालात."

शब्द न् शब्द सिस्टरचाच होता. बाटलीतल्या कोरड्या पावडरीत पाणी पहिल्यांदा, एकदाच घालायचं, हे बाईला ठाऊक असणारच असं ती धरून चालली होती. 'नीट ऐकलं नाहीस' म्हटलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. बिचारीने तेही मुकाट ऐकून घेतलं असतं. क्षणभर मोह झालाही.

"आजी, हिने एकही वेळ चुकवलेली नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं तस्संच केलंय. चूक माझी आहे. पाणी एकदाच घालायचं, हे मी सांगितलंच नाही."

पाच दिवस न रडलेली सून आता हुंदके देऊन रडायला लागली. सासूबाईंनी हात पुढे केले.

"दे पोरीला इकडे. तू जरा तोंड धुऊन ये."