वाकणी बेटावरची सावली

वाकणी बेटावरचं कपेल, म्हणजे तिथलं लहानसं चर्च, दोनेकशे वर्षांपूर्वी नाहीसं झालं. दगडसुद्धा उरला नाही. पण दुपार कलली की त्याची सावली अजून वाळूवर पडते. चार भिंती, एक दार, आणि आत कबरींचे उंचवटे.

क्रिस्तीन तिथे गेली ती नवऱ्याला पुरायला. लॉरेन्सला समुद्राने नेलं त्याला तीन वर्षं झाली होती. देह मिळाला नव्हता. नोव्हेंबरात गावातली माणसं आपापल्या कबरींवर फुलं ठेवायची, तेव्हा ती दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहायची आणि फुलं घेऊन तशीच परतायची. शेवटी लॉरेन्सचा थोरला भाऊ इनास म्हणाला, "त्या बेटावर देहावाचूनही पुरता येतं, असं आजा सांगायचा. चल, मी होडी काढतो."

तिने नवऱ्याचा निळा सदरा बरोबर घेतला.

सावलीत शिरायचं ते दारातूनच. इनास भिंत ओलांडायला गेला आणि त्याच्या नडगीचं सालपट निघालं.

आत गारवा होता. कबरींच्या ओळीत शेवटची जागा सपाट होती. दोघांनी तिथे खड्डा खणला. क्रिस्तीनने सदरा आत सोडायला हात पुढे केले, तसा तो जड झाला. एकेक बाही दोघांनी धरली, तरी खांदे भरून आले.

"सोड आता," इनास म्हणाला.

"थोडं थांबा, भाऊजी. त्या सकाळी मी त्यांच्याशी बोलले नव्हते. रागावले होते."

"मग आता बोल."

ती बोलू लागली. मागच्या पडवीची कौलं बदलली, ते सांगितलं. जाळं अजून कुणाला दिलं नाही, तेही. राग कशाचा होता ते मात्र तिला आठवेना. उन्हं उतरत गेली तसं कपेल लांब आणि अरुंद होत गेलं. भिंती कोपरांना लागू लागल्या. दार सरकत सरकत पाण्यापाशी पोचलं. इनासने आपल्याकडची बाही तिच्या हातात दिली आणि तो होडी धरायला बाहेर गेला.

"क्रिस्तीन, आता दारातून आडवंच निघावं लागेल," त्याने तिकडून सांगितलं.

"आले," ती म्हणाली आणि तिने दोन्ही बाह्या सोडल्या.

माणूस पडावा तसा आवाज झाला. सदरा क्षणभर उताणा राहिला. मग कुशीवर वळला, पलीकडच्या कडेला सरकला, आणि कुणी डोकं टेकावं म्हणून एक बाही मातीवर लांब पसरली.

इनास पुन्हा हाक मारत होता. क्रिस्तीन खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने पाय आत सोडले.