खिंडीतला पांढरा उजेड

सगुणाबाईंनी गाडी बदलली हे नूतनला कळलं ते भाटघरच्या फाट्यावर. रोजच्यासारखी तिनं आपली जुनी अल्टो कडेला घेतली, हात लांबवून डावीकडचं दार आतून उघडून ठेवलं आणि वाट बघत बसली. बराच वेळ कोणी आलं नाही, तेव्हा मागच्या सीटवरून हनुमंत सर म्हणाले, "चला मॅडम. बाई गेल्या म्होरं. शेफाली मॅडमच्या गाडीतनं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मघाशी फोन आलाता त्यांचा. म्हणल्या, नूतनला सांगा. म्या म्हणलं, फाट्यावर गेल्यावर सांगू. भोरातच सांगितलं असतं तर तुमी तिथनंच तोंड पाडून गाडी चालवली असती."

नूतननं दार ओढून लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा उघडून जोरात लावलं.

शाळा खिंडीपलीकडे, वेल्ह्याच्या बाजूला. तिथं बरेच शिक्षक भोरहून अप-डाउन करत. नूतन विज्ञान शिकवायची, हनुमंत सर खेळ, आणि सगुणाबाई मराठी. बाई शाळेत सगळ्यांत जुन्या. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. नूतन नोकरीला लागली त्या वर्षापासून अल्टोची पुढची सीट बाईंची. शेफाली पुण्याची, जूनमध्ये इंग्रजीला आलेली. भोरला खोली घेऊन राहायची आणि नव्या कोऱ्या गाडीतून यायची.

पुढच्या सीटवर नुसतं बसायचं नसे, हे या रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. श्रावणात खिंडीत धुकं उतरलं की गाडीचं बॉनेटसुद्धा दिसत नाही. शाळेतून परतताना उतारावर दरी डाव्या हाताला. अशा वेळी पुढं बसणाऱ्यानं काच खाली करायची, मान बाहेर काढायची आणि रस्त्याची कड बघत चालवणाऱ्याला सांगत राहायचं. याला सगळे 'कड धरणं' म्हणत. बाईंसारखी कड कोणी धरत नसे. "दगूड... दगूड... मोरी आली, आत घे... हां, आता सरळ." आवाज एकसारखा, ना घाई, ना भीती. त्या आवाजाच्या आधारानं नूतन कितीतरी पावसाळे खिंड उतरली होती. त्या वेळी त्या दोघी दुसरं काही बोलत नसत. नूतन एरवीही फार बोलणारी नव्हती, आणि बाईंना त्याचं कधी वावगं वाटलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

मधल्या सुट्टीत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, आज लवकर निघालात?"

"अगं, तिच्या गाडीचा उजेड लई चांगला हाय," बाई डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या. नूतनकडे त्यांनी बघितलं नाही. "पांढराफेक. ह्या वयात डोळ्यांस्नी बरं पडतंय."

"हो ना," नूतन म्हणाली.

त्यानंतर तिच्या नजरेतून काही सुटेनासं झालं. शाळेच्या आवारात शेफालीची गाडी उभी असली की तिची नजर आत जायची. बाईंचा राखाडी स्वेटर पुढच्या सीटच्या पाठीवर असायचा. समोर आलेपाकाच्या वड्यांचा कागद पडलेला. घाटात मळमळू नये म्हणून बाई वडी मोडायच्या, अर्धी स्वतः घ्यायच्या आणि अर्धी चालवणाऱ्याच्या हातावर ठेवायच्या. ती अर्धी वडी आता शेफाली खात होती. शेफाली बाईंना काहीतरी सांगून हसवायची, आणि बाई हसताना तिच्या दंडावर चापटी मारायच्या. आपल्या दंडावर अशी चापटी कधी पडली होती का, हे नूतननं आठवून पाहिलं. आपण बाईंना हसवलंय असं कधी झालंच नव्हतं, हे ध्यानात आल्यावर ती आणखीच चिडली.

उजेडाचंच असेल, तर उजेड विकत मिळतो.

शनिवारी दुपारी ती भोरच्या स्टँडमागे बंडूशेठच्या दुकानात गेली. बंडूशेठनं काउंटरवर खोकी मांडली. "हा साधा, कंपनीचा असतोय तसला. हा जादा वॅटचा, शंभर-नव्वद. ह्याला तुमच्या जुन्या गाडीची वायर सोसायची न्हाई, होल्डर वितळंल. हा पिवळा. आन् ही एलईडी. सध्या पांढऱ्याचीच चलती हाय. म्होरनं येणारा हात आडवा धरतोय बघा डोळ्यांवर."

नूतननं एलईडी हातात घेऊन फिरवला. तिला सगळं समजत होतं. जुन्या दिव्यातला आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलेला असतो. तार अगदी ठरलेल्या जागी असेल, तरच उजेड एकवटून रस्त्यावर पडतो. हा एलईडी त्या जागी नीट बसणार नाही, उजेड फाकणार आणि वर जाणार. धुक्यात वर गेलेला उजेड पाण्याच्या थेंबांवर आदळून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत परत येतो. गाडीच्या दिव्यांवरच्या काचा पिवळटल्यात, त्या घासून घेतल्या आणि नवा साधा बल्ब घातला, तरी पुष्कळ फरक पडेल. आठवीच्या वर्गात ती हेच सांगत असे, आरशाची आकृती काढून.

"शेफाली मॅडमच्या गाडीला कोणता आहे?" तिनं विचारलं.

"कोण शेफाली मॅडम?"

"काही नाही. हा पांढरा बसवा."

बंडूशेठनं बल्ब बसवून दुकानासमोरच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवला. भिंतीवर कावीनं लिहिलेली जाहिरात दुपारच्या उन्हातही झळाळली.

"जरा वर घ्या," नूतन म्हणाली.

"वर? म्होरच्याला तरास हुईल, मॅडम."

"लांब पडायला हवा."

"तुमची गाडी, तुमचा उजेड," म्हणत त्यानं स्क्रू फिरवला.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी तिनं दिवे मुद्दाम चालू ठेवले. बाई समोरून आल्या, डोळे मिचकावले आणि छत्री आडवी धरून आत गेल्या. हनुमंत सर मात्र गाडीभोवती फिरून आले. "मॅडम, हे काय? लग्नाचा मांडव हाय का?"

आठवड्याच्या मधोमध धुकं आलं. शाळा सुटायच्या आधीच खिंड पुसून गेली होती. नूतन घाईनं निघाली. शेफालीच्या आधी खिंडीत शिरायचं, आपला उजेड पुढं पडलेला बाईंना दिसला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. हनुमंत सर आज पुढं बसले होते.

चढावर ठीक होतं. माथा ओलांडून उताराला लागल्याबरोबर समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता नाही, कड नाही, झाड नाही. दिवे जेवढे प्रखर, तेवढी भिंत जाड. तिनं पहिल्या गिअरमध्ये थोडं पुढं नेलं.

"सर, कड धरा."

"धरतोय, पण माझ्या चश्म्यालाबी धुकं आलंय. थांबा, पुसतो... हां, दगूड. न्हाई, म्हस हाय. न्हाई न्हाई, दगूडच."

डावं चाक खडीवर गेलं आणि खडी खाली कुठंतरी घरंगळत गेल्याचा आवाज आला. नूतननं ब्रेक दाबला. दिवे बंद केले, नुसते पार्किंगचे ठेवले, आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबली. हँडब्रेक ओढला, मग पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"तुम्ही घाबरलात?" सरांनी हळू विचारलं. त्यांना नवल वाटलं असावं.

तेवढ्यात मागून, धुक्यातून आवाज आला. "दगूड... दगूड... भ्यायचं न्हाई, म्या हाय ना. मोरी आली, आत घे बाळ."

बाळ. नूतनला बाई कधी बाळ म्हणाल्या नव्हत्या.

शेफालीची गाडी अगदी मुंगीच्या पावलानं आली आणि अल्टोमागे थांबली. बाई उतरल्या, हातानं गाडी चाचपत पुढं आल्या. "नूतन? तू? आन् थांबलीस?"

"दिसत नव्हतं."

"तुला?" बाई खिडकीशी वाकल्या. "अगं, तू तर डोळं झाकून उतरशील. ती पोर यंदाच्या पहिल्याच धुक्यात हितंच मधी गाडी घालून रडत बसलीती. कुणाला सांगू नका म्हणली, म्हणून उजेडाचं सांगितलं तुला. म्हणलं, नूतनला काय, तिला कुणी लागत न्हाई."

एरवी तिथंच बोलणं संपलं असतं. पण बाई वळून निघाल्या, तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या स्वेटरची बाही धरली.

"मलाही लागतं, बाई. आज माझ्याकडे बसा."

बाई तशाच उभ्या राहिल्या. मागच्या गाडीकडे बघितलं, मग धरलेल्या बाहीकडे.

"जा ना बाई," शेफाली काच खाली करून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी तुमचे मागचे लाल दिवे बघत येते. हनुमंत सर, तुम्ही या माझ्याकडे. पण चष्मा पुसून."

"म्हंजी हितनं हाकललं, तिकडं टाकलं," म्हणत सर उतरले.

बाई अल्टोत बसल्या. काच खाली गेली. पुढचे दिवे बंदच ठेवून गाडी सुटली. जागा तीच, माणूस तेच, आणि तरी नूतनला हवं होतं ते आलं नाही. बाई दोनदा दगड सांगायच्या आणि तिसऱ्यांदा मान मागं वळवायच्या. "येतीय न्हवं ती? सरांस्नी काय दिसतंय, कपाळ!"

वळणावर आरशातले मागचे दिवे विझल्यासारखे नाहीसे झाले.

"थांब गं," बाई म्हणाल्या.

नूतनचा पाय क्षणभर तसाच अॅक्सिलेटरवर राहिला. उतार होता, बाई शेजारी होत्या, आणखी दोन वळणं गेली की धुकं संपणार होतं. मागं काय होईल ते होईल, असंही वाटून गेलं. एवढं स्पष्ट वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तिनं ब्रेक दाबला. मग हॉर्नवर तळवा ठेवला आणि थांबून थांबून वाजवत राहिली, म्हणजे वळण कुठं आहे ते शेफालीला कानांनी कळेल.

बाई अर्ध्या बाहेर वाकून मागं बघत होत्या. बऱ्याच वेळानं धुक्यात दोन पुसट ठिपके उमटले.

"आली! आली बघ गं!" बाई म्हणाल्या आणि आनंदानं त्यांनी चापटी मारली ती नूतनच्या दंडावर. चापटी शेफालीच्या नावाची होती, हे नूतनला कळत होतं. तिनं हॉर्न थांबवला. ठिपके पुरते जवळ येईपर्यंत वाट पाहिली आणि मगच पहिला गिअर टाकला.

"तुम्ही पुढं बघा, बाई," ती म्हणाली. "मागचं मी बघते."