सगुणाबाईंचा फोटो

निषाद मूळचा लातूरचा. हिंजवडीत नोकरी लागल्यावर त्यानं जवळच्या नांदे गावात भिकू आणि सगुणाबाई या नवरा-बायकोच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. २००९ साली त्यानं डिजिटल कॅमेरा घेतला खरा, पण चांगल्या लेन्सच्या किमती ऐकून गप्प बसला. मग पुण्याच्या जुन्या बाजारात, बंद रेडिओंच्या ढिगाशेजारी, त्याला एक जुनी रशियन लेन्स सापडली. मधे एक धातूची कडी लावली की ती कॅमेऱ्यावर घट्ट बसायची. आपोआप तिला काहीच जमत नसे. फोकससुद्धा हातानं फिरवून आणायचा. पण आतलं उजेडाचं भोक पूर्ण उघडं ठेवलं, की फोटोवर सायीसारखी मऊ झाक यायची. त्या झाकेनं निषादला वेड लावलं.

एका रविवारी अंगणात वाल निवडताना सगुणाबाई म्हणाल्या, "माजा काडशील का एक?"

निषाद चपापला. त्यांच्या गालापासून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. अमोलच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नात कॅमेरा दिसला की त्या आत निघून जात. आल्बममध्ये त्या कुठंच नव्हत्या.

"सून पोटुशी हाय," त्या म्हणाल्या. "उद्या नातवानं इचारलं, फोटूत आज्जी कुटं हाय, तर काय दावायचं?"

त्यानं त्यांना दारात बसवलं आणि लेन्स पूर्ण उघडली. फोकस जुळवायला वेळ लागत होता. तेवढ्यात त्या म्हशीबद्दल बोलायला लागल्या, नि चेहरा आपसूक सैल झाला.

फोटो सुरेख आला. डाग कातडीत विरघळून गेला होता. निषादनं मोठ्या हौसेनं तो छापून आणून दिला.

सगुणाबाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "बाई देखणी हाय. पर कोन हाय ही?"

"मावशी, तुम्हीच की."

"मग डाग कुटं गेला?"

"लेन्स जुनी आहे, जरा मऊ दिसतं…" म्हणता म्हणता तो अडखळला. लेन्स मुद्दाम उघडी ठेवणारा तोच होता.

"लई वर्सं मी तोंड फिरवलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तू बी फिरवतुयास व्हय?"

वर जाऊन निषादनं कॅमेरा आणला. लेन्सवरचं आकड्यांचं कडं फिरवून भोक बारीक केलं. आता सगळं स्वच्छ येणार होतं. सगुणाबाईंनी स्वतःच पाट उचलून उजेडात ठेवला आणि पदर गालावरून मागं सारला. त्यानं फोकस अगदी डागाच्या कडेवर आणला. या वेळी त्या बोलल्या नाहीत. सरळ लेन्सकडं बघत बसल्या.

दुसरा फोटो पाहून अमोल कुरकुरला, "आई, पयला चांगला व्हता."

भिकूनं तो त्याच्या हातातून घेतला. बराच वेळ निरखला.

"हीच हाय ती," तो म्हणाला, आणि खिळा शोधायला आत गेला.