दुप्पट गूळ

"तुमी कोनी मानायचे नाय, पन दातिवऱ्याला मी होडीत पाय टाकला ना, तर होकायंत्राची सुई गर्रकन माझ्याकडं वळली," मासवणच्या शाळेच्या ओट्यावर दंड उघडा करून बसलेला जिवल्या म्हणाला. "तांडेल म्हने, म्हाताऱ्या, उतर खाली. तू हाय तंवर उत्तर दिशा घावायची नाय. येवढं लोखंड रक्तात!"

रांगेतले खोकणारे हसले, आणि हसले म्हणून पुन्हा खोकले. शहरातून आलेल्या डॉक्टरीणबाईही हसल्या. पण सुई त्यांनी शिरेत बरोबर घातली.

बोईसरच्या कारखान्यांत छाती घालवून परतलेली ही माणसं. मागच्या महिन्यात बाईंनी सगळ्यांचं रक्त नेलं होतं. जिवल्याच्या रक्तात लोखंड फार निघालं, म्हणून आज घराण्याची चौकशी होती.

"काही घराण्यांत ते जन्मापासूनच असतं, बाबा," बाई म्हणाल्या. "खाल्लेलं लोखंड शरीर साठवत राहतं. अशांची छाती धुळीत लवकर जाते का, ते आम्ही शोधतोय. अजून नक्की कळलेलं नाही."

शेवटचं वाक्य जिवल्याने ऐकलंच नाही. 'जन्मापासून' एवढंच ऐकलं. कानावरच्या विडीकडे गेलेला त्याचा हात तसाच खाली आला.

धाकटा भाऊ चिंतू छातीच्याच रोगाने जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याला शेतावरून उचलून बोईसरला नेलं ते जिवल्यानेच. मुकादमाच्या हातापाया पडून ओतीव लोखंड घासायच्या चाकापाशी उभं केलं, तेही त्यानेच. घशातली धूळ खाली उतरावी म्हणून कारखाना सगळ्यांना गूळ द्यायचा, आणि चाकावरच्याला दुप्पट. चिंतू आपला खडा फडक्यात बांधून घरी पोरांना धाडायचा. जिवल्या ते बघायचा, आणि भावाचं भलं केलं म्हणून छाती फुगवून चालायचा.

चिंतू गेल्यापासून जिवल्या खोकला की त्याच्या मागोमाग आणखी एक खोकला यायचा. बारीक, तरण्या माणसाचा. बायको म्हणे, तुमचाच हाय. पण माणसाला आपला खोकला ओळखू येतो, तसा सख्ख्या भावाचाही येतो.

"वडील कारखान्यात होते?" बाईंनी विचारलं.

"बाप? त्यानं कारखान्याचं दार नाय बघितलं." जिवल्याची नजर ओट्याच्या टोकाला गेली. चौकशीसाठी बोलावलेली ठकी, चिंतूची विधवा, खांबाला पाठ लावून बसली होती. आठ वर्षांत तिने त्याला एका शब्दाने जाब विचारला नव्हता. "पन खोकायचा! असा खोकायचा, की उमरोळीला गाडी उभी ऱ्हायची. गार्डाला वाटं, कोन शिट्टी मारतंय."

रांग पुन्हा हसली. ठकी हसली नाही.

"थट्टा नको, बाबा. हे मला लिहायचंय."

"लिवा ना. खोकून खोकूनच मेला तो. आमच्या रक्तातच हाय, बाई. चिंतू हितं भात लावत बसता, तरी गेलाच असता."

बाईंनी पेन कागदावर टेकवलं. त्या टोकाकडे जिवल्या श्वास धरून बघत राहिला. छातीत कोणीच खोकलं नाही.

"लिवू नका, बाई." ठकीचा आवाज चढला नव्हता. "सासरा कदी खोकला नाय. मेला त्या दिवशीबी सकाळी ताडावर चढून त्यानं माझ्यासाठी ताडगोळे उतरवले. दुपारी त्याला साप चावला, भाऊजी. तवा तुमी बोईसरला गेला नव्हता; तुमीच तर त्याला पाठुंगळी घेऊन मनोरच्या दवाखान्यापर्यंत पळालात. वाटेत दम खायलाबी कुटं थांबला नव्हता तुमी."