तेरा ओळी जास्त

आमच्या कंपनीत मला 'कुलूपबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. प्रकल्पाचं सगळं नियोजन ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते माझ्या ताब्यात आहे. कुणाला कोणता रकाना दिसावा, कुणी काय बदलावं, कोणतं काम कशासाठी अडून राहावं, हे मी ठरवते. सातशे माणसं त्यावर काम करतात आणि त्यातली निदान सहाशे माझ्या नावाने बोटं मोडतात. मोडोत बापडी. यांना मोकळं सोडलं तर न झालेली कामंसुद्धा झाली म्हणून लिहून मोकळी होतील.

आमचं काम तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आतून साफ करून दुरुस्त करण्याचं. रिकाम्या टाकीतही वायू साचलेला असतो, म्हणून माणूस आत उतरण्याआधी मीटर सोडून हवा तपासायची असते. त्यासाठी मी एक रकाना बनवला आहे : 'वायुतपासणी'. त्यात तीनच गोष्टी भरता येतात – सुरक्षित, असुरक्षित आणि लागू नाही. रकाना रिकामा असेल किंवा 'असुरक्षित' असेल तर टाकीत उतरण्याचा परवाना अडतो. नाहीतर ठरलेल्या वेळेला टाकीजवळच्या टॅबलेटवर तो आपोआप जातो. 'लागू नाही' हे नकाशे, खरेदी, पत्रव्यवहार अशा टेबलावरच्या कामांसाठी. टाकीच्या कामापुढे कुणी 'लागू नाही' लिहील, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढं मूर्ख कोण असणार?

त्या दिवशी सकाळी दहा वीसला साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. खालच्या मजल्यावर पाहुणे आले होते. पुढच्या तीन वर्षांचं काम द्यायचं की नाही, ते ठरवणारे पाहुणे.

"बाई, पडद्यावर एवढं लाल का दिसतंय?"

"ऑफिसच्या कामांत वायुतपासणीचा रकाना कुणी भरलेला नाही. एकसष्ट कामं आहेत. मी महिनाभर सांगतेय सगळ्यांना."

"मग भरा ना तुम्हीच! साडेदहाला मला सगळं हिरवं पाहिजे."

पी हळद आणि हो गोरी! मला राग आला, आणि रागात माझे हात नको तितके झरझर चालतात. असा घाऊक बदल आधी चाचणीच्या प्रतीवर करून बघायचा, मग खऱ्यावर, हे नव्या माणसांना मीच घोकून घोकून शिकवते. त्या दिवशी मी थेट खऱ्यावर गेले. ऑफिसच्या कामांचा गट उघडा ठेवला, बाकीचे गट मिटवले, दिसतंय ते सगळं निवडलं आणि 'लागू नाही' भरून टाकलं. खाली बारीक अक्षरांत आलं : चौऱ्याहत्तर ओळी बदलल्या. मी 'ठीक' दाबलं आणि चहा आणायला गेले.

यंत्रातून चहा घेताना तो आकडा माझ्या डोक्यात वर आला. एकसष्ट म्हणाले होते ना मी?

कप तिथेच ठेवून मी परत धावले. गट मिटवला म्हणजे त्यातल्या ओळी दिसत नाहीत. पण निवडताना त्या निवडल्या जातात! हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी याच चुकीवरून मी एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं. तेरा ओळी जास्तीच्या. मी मिटवलेले गट एकेक करून उघडत गेले आणि शेवटच्या गटात त्या सापडल्या. टाकी एक ते टाकी तेरा, आतून सफाई, प्रवेशाची वेळ साडेदहा. सगळ्यांपुढे 'लागू नाही'.

घड्याळात दहा बत्तीस झाले होते. परवाने गेले होते.

टाकी सातमध्ये आमचे भाऊजी उतरणार होते.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर, फिटर आहे. मीच त्याला इथे चिकटवला. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता, आणि अजूनही तो आमच्याच घरात राहतो. सकाळी बूट घालता घालता म्हणाला होता, "वहिनी, आज सात नंबर माझ्याकडे आहे. बघा हं, परवाना वेळेवर सोडा, नाहीतर उन्हात ताटकळत ठेवाल." मी म्हटलं, "तुम्हाला काय घाई आहे एवढी?" त्यावर सासूबाई आतून ओरडल्या की भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा.

आधी मी शहाणपणा केला. तेराही रकाने पुन्हा रिकामे केले. काही उपयोग नाही. निघालेला परवाना रकाना पुसून मागे येत नाही; तो रद्द करायचा अधिकार एकट्या सुरक्षा अधिकाऱ्याला. मलासुद्धा नाही. 'ज्याच्या हातात किल्ल्या, त्याच्या हातात परवाना नको' असं म्हणत मीच ते तसं ठेवलं होतं, आणि त्याबद्दल बैठकीत टाळ्याही घेतल्या होत्या. अधिकारी खाली पाहुण्यांबरोबर. त्याला बाहेर बोलवा, त्याच्या फोनवर प्रत्येक परवान्याचा वेगळा आकडा येणार, तो घाला, असं तेरा वेळा. टाक्यांजवळ ते खास बनावटीचे टॅबलेट सोडले तर फोन चालत नाहीत, ठिणगीची भीती म्हणून सगळ्यांचे फोन फाटकावर जमा असतात. मी फाटकावर फोन लावला.

"टाकी सातवर कुणालातरी पळवा! आत उतरू नका म्हणावं, कुठल्याच टाकीत उतरू नका!"

"बाई, मी एकटाच आहे इथं," पहारेकरी म्हणाला. "चालत दहा मिनिटं लागतात."

"पळत किती?"

"गुडघा दुखतो हो माझा. निघतो, निघतो."

दहा पस्तीस. आता एकच उपाय उरला होता. सगळा प्रकल्पच स्थगित करायचा; तेवढा अधिकार माझ्याकडे होता. तसं केलं की सगळे टॅबलेट लाल होतात, भोंगा वाजतो आणि प्रत्येक माणूस काम टाकून मैदानात येतो. पण तोच लाल पडदा खाली पाहुण्यांसमोरच्या भिंतीवरही दिसणार होता, साहेब 'आमच्याकडे सगळं हिरवं' असं सांगत असताना. नंतर मी नोंदी तपासल्या. ते पान उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत चाळीस सेकंद गेले होते. त्या चाळीस सेकंदांत मी माझ्या नोकरीचा विचार करत होते. खोटं का बोलू?

मग मी बटण दाबलं.

'नक्की?' असं त्याने विचारलं. हो. 'सर्व कामे थांबतील. नक्की?' हो. 'हा बदल सर्वांना दिसेल. नक्की?' अरे हो, हो, हो! तीनदा विचारायचं मीच घातलं होतं, कुणीतरी चुकून दाबतं म्हणून. त्यानंतर कारणाची चौकट आली. कारण किमान वीस अक्षरांचं हवं. लोक नुसते ठिपके टाकून पुढे जातात म्हणून तीही अट माझीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझ्याच गोठ्यातला. 'माझी चूक' असं लिहिलं. चौकट म्हणाली, कारण अपुरे आहे. माझ्या आयुष्यात मला कुठल्या यंत्राचा इतका संताप आला नव्हता. 'माझी चूक माझी चूक माझी चूक माझी चूक' असं लिहिलं आणि पाठवलं.

खिडकीतून लांबवरचा भोंगा ऐकू आला. मी जिन्याने खाली धावले. सभागृहाच्या दारात साहेब उभे होते आणि त्यांच्या मागे अख्खी भिंत लाल होती, त्यावर माझं नाव आणि चार वेळा माझी चूक.

"हे काय आहे, बाई?" त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला तो नीट ऐकूही आला नाही.

"खरं आहे ते," मी म्हटलं आणि थांबले नाही.

मैदानात पोचले तेव्हा माझा श्वास छातीत मावत नव्हता. माणसं घोळक्याने उभी होती. भाऊजी जमिनीवर बसला होता, तोंड राखेसारखं, बुटांवर ओकारी. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

"डोकं गरगरतंय फक्त," तो म्हणाला. "पाचेक मिनिटं होतो आत. पाय जड झाले, तेवढ्यात वरून दोर ओढला यांनी."

कुणीतरी सात नंबर टाकीच्या तोंडातून मीटर आत सोडला. तो इतक्या जोरात किंचाळायला लागला की जवळचे सगळे मागे सरले.

"परवान्यावर 'लागू नाही' होतं," भाऊजी म्हणाला. "मला जरा नवल वाटलं. वर दोर धरणारे दोघं म्हणाले, मीटर मागवू या. मीच म्हटलं, वहिनीची सिस्टीम आहे, ती उगाच काही सोडत नाही. चला."

"भाऊजी, ते मी भरलं होतं," मी म्हटलं. "घाईत. न बघता. तेरा टाक्यांना."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तो मला समजावेल असं मला वाटलं, नेहमी तोच समजावतो. त्याने माझे हात हळूच बाजूला केले.

"तेरा?" तो म्हणाला. "मग बाकीच्या बारांत कोण होतं, वहिनी?"

मला माहीत नव्हतं. मी सात नंबरशिवाय दुसऱ्या कुठल्या टाकीचा विचारच केला नव्हता. फोनवर 'कुठल्याच टाकीत' म्हटलं होतं खरं, पण ओरडले होते ते याच्यासाठी.

मी एकाच्या हातातला टॅबलेट घेतला. माझ्या याद्यांत कामं असतात, तारखा असतात, रंग असतात. प्रत्येक टाकीत उतरणाऱ्याच्या नावाचा रकाना मी लपवून ठेवते, पडदा फार रुंद होतो म्हणून. तो उघडला. उभी राहिले आणि टाकी एकपासून नावं मोठ्याने वाचायला लागले. एक नाव वाचायचं आणि घोळक्यातून 'हो' येईपर्यंत पुढे जायचं नाही. चार नंबरचा 'हो' खोकत आला. नऊ नंबरला कुणीच बोललं नाही. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा ओरडून वाचलं, तेव्हा पाण्याच्या नळापाशी वाकलेला एक जण हात वर करून म्हणाला, "आहे, आहे." बारा नावांना बारा 'हो' आले.

सात नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो माझ्या पायाशीच बसला होता, सगळ्यांना दिसत होता. तरी मी त्याचं पूर्ण नाव वाचलं आणि थांबले. एरवी त्याने काहीतरी फिरकी घेतली असती. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"हो," तो म्हणाला.