काकांच्या लिफाफ्यातला आकडा

सहा वर्षं आई फोनवर विचारत होती, "तुझं ते गणित सुटलं का गं? किती आलं?" आणि मी सांगायचे की सुटत आलंय, पण किती आलं ते मलाच माहीत नाही. ती यावरून काय समजायची, देव जाणे.

हा आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमचा नियम. एका कणाचं चुंबकत्व किती, एवढंच महासंगणकाकडून काढून घ्यायचं होतं. पण मनी वसे ते स्वप्नी दिसे. हवं तसं उत्तर आलं की माणूस चुका शोधायचं थांबवतो. म्हणून उत्तर एका गुप्त आकड्याने गुणूनच आमच्यासमोर यायचं. तो आकडा निवडला, प्रोग्रॅममध्ये घातला आणि लिफाफ्यात बंद केला तो यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी. त्यांना आमच्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच.

लिफाफा फोडायचा तो महासंगणक वापरणाऱ्या सगळ्यांच्या वार्षिक सभेत. दीडशे माणसं, करकरणाऱ्या खुर्च्या, भिंतीपलीकडे यंत्राची घरघर. सकाळीच दुसऱ्या गटाने अगदी वेगळ्या वाटेने काढलेलं उत्तर फळ्यावर लिहिलं होतं, ४१८.६. आमचं जुळलं नाही, तर कुणीतरी इतकी वर्षं चुकत आलं होतं. आणि आमच्या गटात चुकणारी म्हणजे मी, कारण सगळा प्रोग्रॅम माझ्या हातचा.

काकांनी लिफाफा फोडून वाचलं, "एक पूर्णांक शून्य आठ तीन चार."

मी फळ्यावर आमचा झाकलेला आकडा लिहिला, ४५३.६. गणित केलं. ४९१.४.

४१८.६ च्या जवळपासही नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि पुसतच बसल्या.

"ताई," काका हळूच म्हणाले, "मी गुणलं होतं. तुम्ही परत गुणताय."

कुणी हसलं नाही. दीडशे विद्वानांत ते एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी पुसलं आणि भागलं.

४१८.७.

शेवटच्या घरात एकाचा फरक, तेवढा दोन्ही गटांना मान्यच होता. टाळी वाजली नाही. दुसऱ्या गटाच्या प्रमुख बाई उठून फळ्यापाशी आल्या आणि दोन्ही आकड्यांकडे नुसत्या बघत राहिल्या. तो कण कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्यांनी आमचा प्रोग्रॅम पाहिला नव्हता, आम्ही त्यांचा. डोंगराच्या दोन बाजूंनी बोगदा खणत यावं आणि मधोमध हाताला हात लागावा, तसं झालं होतं. मी इतकी लहान आहे, हे मला इतक्या आनंदाने कधीच जाणवलं नव्हतं.

"म्हणजे हा आकडा आधीपासून असाच होता?" काकांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"जग सुरू झालं तेव्हापासून, काका."

त्यांनी रिकामा लिफाफा घडी करून खिशात ठेवला. "मग सहा वर्षांत हाती लागला म्हणजे लवकरच की."

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. "सुटलं," म्हणाले.

"किती आलं?" तिने नेहमीसारखंच विचारलं.

मी तिला सांगितलं.